कोल्हापूरहून अमेरिकेच्या इमर्जन्सी विभागात: क्लिनिकल रोटेशनची तयारी, पायरीपायरीने

इमर्जन्सी मेडिसिनसाठी अमेरिकेला जायचं म्हणणाऱ्या ज्युनिअर्सचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधी स्टेप वन देऊ की आधी रोटेशन करू? (स्टेप वन म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा, रोटेशन म्हणजे तिथल्या रुग्णालयात काही आठवडे राहून काम शिकणं.) त्यावर मी उलट विचारतो, तू कागदोपत्री अजून विद्यार्थी आहेस का? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. इमर्जन्सी विभागात पेशंटला हात लावून शिकण्याची संधी परदेशी विद्यार्थ्याला पदवी हातात पडेपर्यंतच मिळते. नंतर दारं बंद होत नाहीत, पण आत गेल्यावर कोपऱ्यात उभं राहून बघायचं असतं.

तुम्ही राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सीपीआरला शिकत असाल, कदमवाडीला डी. वाय. पाटीलमध्ये असाल किंवा जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपिन्समधून एमबीबीएस करून घरी परतला असाल, अमेरिकेच्या लेखी तुम्ही सगळे आयएमजी, म्हणजे अमेरिकेबाहेर शिकलेले डॉक्टर. पण तिघांचे रस्ते एक नाहीत.

आधी आपण कुठे उभे आहोत ते बघा

रोटेशनचे चार प्रकार आहेत, आणि पैसे घेऊन जागा देणारे एजंट ते मुद्दाम एकमेकांत मिसळतात. इलेक्टिव्ह ही शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी असते, विद्यापीठाच्या रुग्णालयात. तुम्ही हिस्टरी घेता, तपासता, रेसिडेंटपुढे (तिथे पदवीनंतरचं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरपुढे) केस मांडता आणि परवानगी मिळाली तर टाकेही घालता. सब-इंटर्नशिप त्याचीच वरची पायरी, जबाबदारी जास्त. एक्स्टर्नशिप म्हणजे पदवीनंतरचं हात लावून काम. ते इमर्जन्सी मेडिसिनमध्ये जवळपास मिळतच नाही. ऑब्झर्व्हरशिपमध्ये फक्त बघायचं. पेशंटला हात नाही, फाइलमध्ये नोंद नाही.

इंटर्न मात्र अधेमधे लटकतात. आपल्याकडे पदवी इंटर्नशिप संपल्यावर मिळते, म्हणून काही अमेरिकन विद्यापीठं इंटर्नला विद्यार्थीच धरतात, तर काहींच्या मते शेवटची परीक्षा पास झाली की विद्यार्थीपण संपलं. अंदाज बांधत बसू नका. तिथल्या व्हिजिटिंग स्टुडंट समन्वयकाला ई-मेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

परदेशात शिकून आलेल्यांची पदवी झालेली असते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला बहुतेक ऑब्झर्व्हरशिपच येते. शिवाय त्यांनी आपल्या कॉलेजला मान्यता देणारी संस्था वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशनच्या यादीत आहे का, तेही बघावं. भारतात शिकलेल्यांना ती काळजी नाही: आपल्या एनएमसीला, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला, ही मान्यता २०२३ मध्ये १० वर्षांसाठी मिळाली आहे.

सगळी धडपड एका पत्रासाठी

इतर शाखांत मोठ्या प्राध्यापकाचं चार ओळींचं कौतुकाचं पत्र चालून जातं. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये ठरावीक नमुन्यातलं मूल्यमापन पत्र लागतं. त्याचं नाव स्टँडर्डाइज्ड लेटर ऑफ इव्हॅल्युएशन, सगळे त्याला ‘स्लोई’ म्हणतात. नमुना कॉर्ड या इमर्जन्सी रेसिडेन्सी संचालकांच्या संघटनेचा आहे. त्यात ‘मुलगा हुशार आहे’ असं मोघम लिहून भागत नाही. नेमकी हिस्टरी घेता येते का, संभाव्य निदानांची यादी करता येते का, उपचाराची योजना मांडता येते का, पेशंट अत्यवस्थ आहे हे ओळखता येतं का, वेळ पाळता का, सुनावलं तर ऐकून सुधारता का, अशा एकेका मुद्द्यावर शेरा असतो. शेवटी इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत तुमची जागा दाखवलेली असते: वरच्या १० टक्क्यांत, वरच्या एकतृतीयांशात, मधल्या की खालच्या.

हे पत्र बहुतेक ठिकाणी विभागातले शिक्षणाचे प्रमुख मिळून लिहितात, आणि आधार असतो प्रत्येक शिफ्टनंतर भरलेल्या शेऱ्यांचा. म्हणजे आपल्याकडच्यासारखं एका ‘सरां’ना धरून राहून चालत नाही. रात्री तीन वाजता ज्या रेसिडेंटबरोबर तुम्ही काम केलं, त्याचं मतही त्यात उतरतं.

म्हणून एकच कसोटी लावा: या रोटेशनमधून स्लोई मिळेल का, आणि ज्या रुग्णालयात इमर्जन्सी मेडिसिनची स्वतःची रेसिडेन्सी आहे तिथूनच मिळेल का? उत्तर हो असेल तरच मोठा खर्च करा. खासगी दवाखान्यात एखाद्या फिजिशियनच्या हाताखाली महिनाभर बसायचे हजारो डॉलर मागणारे बरेच भेटतील. ते पत्र इंटर्नल मेडिसिनला कदाचित उपयोगी पडेल, इमर्जन्सीला नाही. एक स्लोई तरी हवीच, शक्यतो दोन, वेगवेगळ्या ठिकाणच्या.

एक अफवाही इथेच निकालात काढू. ‘अमेरिकेत इमर्जन्सीच्या जागा रिकाम्या पडल्यात म्हणे’, हे तुम्ही कुणा नातेवाइकाकडून ऐकलं असेल. २०२३ च्या मॅचमध्ये (उमेदवार आणि रेसिडेन्सीच्या जागा जुळवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) ५५४ जागा खरोखरच रिकाम्या राहिल्या होत्या. २०२४ मध्ये तो आकडा १३५ वर आला. त्या एका वर्षाच्या भरवशावर आयुष्याचा बेत आखू नका.

कधी जायचं

रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरअखेरीस जातात आणि मॅचचा निकाल मार्चमध्ये लागतो. त्यामुळे अमेरिकन विद्यार्थी जून ते सप्टेंबर या काळात रोटेशन करतात, आणि नेमक्या तेव्हाच बाहेरच्यांना जागा मिळणं अवघड जातं. हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, जागा सुटतात. त्या वेळी मिळालेली स्लोई चालू हंगामाला उशिरा पडते, पण पुढच्या सप्टेंबरला कामी येते.

आपल्या वेळापत्रकात सोयीची फट एकच: शेवटची परीक्षा संपल्यापासून इंटर्नशिप सुरू होईपर्यंतचे आठवडे. निकाल लागायचा असतो, कागदोपत्री तुम्ही विद्यार्थी असता, आणि तिकडे जागाही मोकळ्या असतात. बहुतेक इलेक्टिव्ह चार आठवड्यांच्या, तेव्हा एक नीट बसते, दोनसाठी ओढाताण होते. परीक्षेच्या तारखा पुढे-मागे होतात, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी बदलाची सोय आहे का ते विचारून ठेवा.

इंटर्नशिपच्या मध्ये जायचं असेल तर २०२१ च्या नियमांनुसार वर्षभरात रजा १५ दिवसांचीच मिळते. त्यापुढे गेलात की इंटर्नशिप तेवढी लांबते.

अर्ज कुठे करायचा

अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेचं व्हीएसएलओ नावाचं पोर्टल आहे. आपलं कॉलेज त्यात सहभागी असेल तर तुम्हाला त्यातून अर्ज करता येतो; ते डीन ऑफिसच्या विद्यार्थी विभागात विचारा. नसेल तर परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज थेट घेणारी विद्यापीठं शोधावी लागतात. प्रत्येकाची वेबसाइट उघडून तीन गोष्टी बघा: परदेशी विद्यार्थी घेतात का, त्यांच्यासाठी इमर्जन्सी मेडिसिन खुलं आहे का, आणि स्टेप वन पास असण्याची अट आहे का. दुसऱ्या प्रश्नापाशीच यादी निम्म्यावर येते. ‘परदेशी विद्यार्थ्यांना सर्व विषय खुले, इमर्जन्सी वगळून’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं: स्टेप वन आधी. २०२२ पासून तिचा निकाल फक्त पास-नापास असतो, त्यामुळे मार्कांसाठी वर्ष घालवण्यात अर्थ नाही. पास व्हा आणि अर्जाला लागा.

डीनच्या सहीचं ‘गुड स्टँडिंग’चं पत्र, इंग्रजी गुणपत्रकं आणि कॉलेजची ना-हरकत लागते. सरकारी कॉलेजात एका सहीसाठी तीन टेबलं फिरावी लागतात हे कुणाला सांगायला नको. मसुदा स्वतः टाइप करून न्या. आवक-जावक क्रमांक लिहून घ्या.

लसी: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

मुलं स्टेपसाठी झटतात आणि अर्ज लसींच्या फॉर्मवर अडकतो. संस्था बहुधा एकाच ठरावीक नमुन्यात माहिती मागतात, आणि ‘लहानपणी सगळं घेतलंय’ हे उत्तर चालत नाही.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस पुरेसे नाहीत, रक्तातल्या अँटिबॉडीचा आकडा लागतो आणि तो १० च्या वर हवा. कोर्स अजून सुरूच केला नसेल तर शून्य, एक आणि सहा महिने असं वेळापत्रक असतं, म्हणजे जवळपास आठ महिने आधी हात घालायला हवा. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांसाठी आयजीजी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी, करा. कांजिण्या लहानपणी येऊन गेल्या असतील तर टायटर बहुतेक पॉझिटिव्ह येतो आणि लस वाचते.

धनुर्वातात आपली मुलं हमखास अडकतात. सरकारी दवाखान्यात मिळतं ते टीडी. त्यात डांग्या खोकल्याचा घटक नसतो. फॉर्मला टीडॅप लागतं, ते खासगीत विकत घ्यावं लागतं. शिशीवरचं नाव, बॅच नंबर आणि तारीख डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून घ्या.

क्षयासाठी त्वचेची चाचणी टाळा. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची इग्रा चाचणी करा, नमुना इथल्या लॅबमधून पुढे पाठवता येतो. तीही पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका: छातीचा एक्स-रे आणि छातीरोगतज्ज्ञांचं पत्र जोडायचं.

बाकीचं पटकन: बीएलएस आणि एसीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र) अमेरिकन हार्ट असोसिएशनचंच हवं, ते दोन वर्षं चालतं. पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र पासपोर्टच्या पोर्टलवरून काढता येतं. आरोग्य विमा आणि मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांसाठीचा) कोण देणार ते आधीच विचारा. काही ठिकाणी यजमान रुग्णालय देतं, काही ठिकाणी एका दाव्याला १० लाख डॉलर अशी पॉलिसी तुम्हालाच काढावी लागते. खर्चात राहण्याचं भाडं भारी पडतं, म्हणून दोन रोटेशन करणार असाल तर एकाच शहरात बघा.

व्हिसा

इलेक्टिव्ह असो की ऑब्झर्व्हरशिप, साधारणपणे बी-१ व्हिसावर जातात, कारण मोबदला मिळत नाही. निमंत्रणपत्रात तारखा, विभाग आणि ‘विनावेतन’ हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘फिरायला चाललोय’ असं सांगून व्हिसा काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि आत स्टेथोस्कोप निघाला की गोष्ट वाढते.

आपल्याला मुंबईची वकिलात, बीकेसीला. बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन वेगळ्या भेटी असतात. लागोपाठच्या दिवसांत जमवा, म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून दोन्ही कामं उरकता येतात. मुलाखतीत विचारतात ते इतकंच: कुठे, कशासाठी, खर्च कोण करणार, परत येणार का. वडिलांची ऊसशेती असेल तर तसं सरळ सांगा. सातबाऱ्यापासून आयटी रिटर्नपर्यंतची फाइल जवळ ठेवा, पण ती उघडली जाईलच असं नाही. ‘परत येऊन इंटर्नशिप पूर्ण करायची आहे’ हे वाक्य खरं आहे, आणि तेच तुमच्या कामी येतं.

तयारी इथल्याच कॅज्युअल्टीत

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीचं पोस्टिंग दोन आठवड्यांचं असतं, पण विद्यार्थी असतानाही संध्याकाळी तिथे उभं राहायला कुणी अडवत नाही. सीएमओंची (कॅज्युअल्टीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांची) परवानगी घ्या आणि रात्री थांबा.

गळीत हंगामात कोल्हापूरच्या कॅज्युअल्टीत जे दिसतं ते अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने पुस्तकातच पाहिलेलं असतं. अंधारात उभ्या असलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकलेला दुचाकीस्वार. कीटकनाशक प्यायलेला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. फडात पायाला घोणस चावलेला ऊसतोड कामगार, आणि शेजारी सिस्टर नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत गोठतंय का ते बघतायत. या अनुभवाला तिथे मान आहे. पण गुण त्याचे मिळत नाहीत. गुण मिळतात ते तुम्ही पेशंट कसा मांडता त्याचे.

आपली सवय अशी: पूर्ण हिस्टरी, पूर्ण तपासणी, मग ‘सर, काय करू?’ तिथे अटेंडिंगकडे (जबाबदार वरिष्ठ डॉक्टरकडे) तुमच्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात आणि त्यात निर्णय तुम्ही सुचवायचा असतो. छातीत दुखणारा पेशंट असा मांडायचा:

‘५८ वर्षांचे पुरुष, मधुमेह आणि रक्तदाब. दोन तासांपूर्वी जिना चढताना छातीत दाबल्यासारखं दुखायला लागलं, डाव्या हातात गेलं, घाम आला. धाप नाही, ताप नाही, पाठीत फाडल्यासारखी कळ नाही, पाय सुजलेला नाही. नाडी ९२, रक्तदाब १५०/९०, दोन्ही हातांत सारखा, ऑक्सिजन ९८. ईसीजी दहा मिनिटांच्या आत झाला, त्यात बदल नाहीत. मला सगळ्यात आधी हार्ट अटॅक नाकारायचा आहे, त्यानंतर महाधमनी फाटणं आणि फुप्फुसातली गुठळी. या दोन्हींची शक्यता मला कमी वाटते. अॅस्पिरिन द्यावी, ट्रोपोनिन आता आणि पुन्हा, ईसीजी परत, छातीचा एक्स-रे. ट्रोपोनिन यायच्या आधीच हार्ट स्कोअर ४ आहे, म्हणून तो निगेटिव्ह आला तरी त्यांना घरी सोडू नये, निरीक्षणाखाली ठेवावं असं मला वाटतं.’

(ट्रोपोनिन ही हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी, हार्ट स्कोअर हा छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या धोक्याचा आकडा.) यात तीन गोष्टी बघा. ‘नाही’ने संपणारी लक्षणं निवडून घेतली आहेत, प्रत्येक ‘नाही’ एक घातक आजार मागे सारतं. यादी जास्त शक्य आजारापासून नाही, जास्त घातक आजारापासून सुरू होते. आणि शेवट निदानावर होत नाही, पेशंट जाणार कुठे यावर होतो: घरी, वॉर्डात, आयसीयूत की थिएटरला. आपल्याकडे ‘मेडिसिनचा कॉल लावलाय’ इथे वाक्य संपतं. तिथे ते अर्धवट धरलं जातं.

रोज एक केस अशी मोबाइलवर रेकॉर्ड करा, इंग्रजीत, घड्याळ लावून. पेशंटचं नाव घेऊ नका. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही ‘बेसिकली’ आणि ‘लाइक’ किती वेळा म्हणता ते ऐकून हसू येईल. छाती, पोट, डोकं, धाप, चक्कर, ताप, वृद्धाचं पडणं: एवढ्या तक्रारींवर हात बसला की तिथली बरीचशी शिफ्ट हाताखालून जाते.

तिथली पहिली शिफ्ट

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. चार्ज नर्सला आधी भेटा, नाव सांगा, विद्यार्थी आहात हे सांगा. सिस्टर-ब्रदरांशी पटलं की आपल्याकडे काम सोपं होतं. तिथेही तसंच, फक्त तिथे त्यांचं मत तुमच्या शेऱ्यात उतरतं. रेसिडेंट स्वतःला पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात, मारा. अटेंडिंगना ‘डॉक्टर’ आणि आडनाव.

पेशंट पाच पातळ्यांच्या ईएसआय ट्रायाजवर (गांभीर्यानुसार क्रम लावण्याच्या पद्धतीवर) वर्गीकृत असतात, १ म्हणजे सर्वात गंभीर. आधी ट्रायाजची नोंद आणि व्हायटल्स (नाडी, रक्तदाब वगैरे) वाचा, मग पडद्याआड जा, जाताना विचारून जा. नातेवाइकांची गर्दी नसते, पण भाषा वेगळी असेल तर मुलाला किंवा सुनेला दुभाषी करू नका. फोनवर प्रशिक्षित दुभाषी मिळतो, तोच वापरा. ‘पैसे भरलेत का’ हा प्रश्न तर मनातही आणू नका: १९८६ च्या एमताला कायद्यानुसार आलेल्या प्रत्येकाला तपासणं आणि स्थिर करणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून ‘सर, प्लीज बघा’ म्हणायची पद्धत आहे. तिथे नाव झाकून टाकलात तरी रोटेशन तिथल्या तिथे संपू शकतं. मोबाइल खिशात.

हाताला येत असेल तरी आपणहून काही करू नका. इथे तुम्ही डझनांनी टाके घातले असतील, तिथे ‘मी बघितलंय, केलंय, तुमच्या देखरेखीखाली करू का?’ असं विचारायचं. घेतलेला पेशंट सोडू नका. रिपोर्ट आला की अटेंडिंगने विचारायच्या आत तुम्ही जाऊन सांगायचं, आणि पेशंटलाही. शिफ्ट संपताना ‘उद्या मी एक गोष्ट वेगळी करायची असेल तर कोणती?’ असं विचारा. ‘माझं काम कसं होतं’ विचारलं की सगळे ‘ग्रेट’ म्हणतात, त्यातून काही हाती लागत नाही. आणि जे सांगतील ते पुढच्या शिफ्टमध्ये करून दाखवा. शेऱ्यातला ‘सुधारणा’ हा रकाना त्यातूनच भरतो.

पदवी झालेल्यांसाठी: निव्वळ ऑब्झर्व्हरशिपवर स्लोईची आशा ठेवू नका. तिचा उपयोग विभाग समजून घेणं, ओळखी आणि संशोधनाची एखादी संधी एवढाच. प्रामाणिक सल्ला असा की इंग्लंडची इमर्जन्सी मेडिसिनची एमआरसीईएम परीक्षा किंवा भारतातलंच इमर्जन्सीचं एमडी-डीएनबी यांचा विचार बरोबरीने करा. मेडिकल कौन्सिलने इथे ही शाखा २००९ मध्येच मान्य केली आहे.

परत निघण्याआधी

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी क्लार्कशिप संचालकांची (विद्यार्थ्यांच्या रोटेशनच्या प्रमुखांची) वेळ मागा आणि विचारा: मी कुठे कमी पडतोय, आणि माझ्यासाठी स्लोई लिहाल का? शेवटच्या दिवशी विचारलं तर सुधारायला दिवस उरत नाहीत. पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याच्या रकान्यात खूण करा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

पत्र कुठे जाणार हेही नीट सांगा. २०२५-२६ च्या हंगामापासून इमर्जन्सी मेडिसिनचे अर्ज रेसिडेन्सीकॅस या पोर्टलवर गेले आहेत, त्यामुळे सीनिअर्सनी दिलेला एराजचा (जुन्या अर्ज पोर्टलचा) सल्ला या शाखेला जुना झाला. पर्याय म्हणून इंटर्नल किंवा फॅमिली मेडिसिनलाही अर्ज करणार असाल तर एराज वेगळं भरावं लागेल; मॅच दोन्हींची एनआरएमपी या संस्थेकडूनच होते.

घरी आल्यावर चार ओळींची आभाराची ई-मेल पाठवा. अर्ज सप्टेंबरअखेर जाणार असेल तर ऑगस्टच्या मध्यावर समन्वयकाला एकदा नम्रपणे आठवण करा. पत्र चढलंय की नाही हे पोर्टलवर तुम्हालाच दिसतं, तेव्हा दर आठवड्याला स्वतः उघडून बघा.